एरलच्या पिकअपमधली लोकर

एरल टिबेट्सला बोलता येत नव्हतं असं नाही. यायचं, पण गाडी चालू असेल तरच.

आमच्या बिलाबुरा गावात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात, लग्नात, मयतीत एरल कुठंही उभा राहिला की तोंडाला कुलूप. "काय एरल, कसं काय?" असं विचारलंत तर टोपीला हात लावणार आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसणार. पण त्याच गड्याला पिकअपमध्ये स्टिअरिंगमागे बसवा. डोळे रस्त्यावर, समोर कुणाचं तोंड नाही, दुसरा गिअर पडला की जीभ सुटलीच! एकतीस वर्षं तो मंगळवारी आणि शुक्रवारी टपाल घेऊन तीनशे किलोमीटरची फेरी मारत होता. बोलायचं सगळं शेजारी बसलेल्या स्पॅनरशी. स्पॅनर म्हणजे त्याची कुत्री, आणि ती बिचारी ऐकूनही घ्यायची.

आता असल्या माणसानं कुणावर जीव लावावा? तर कोरलीवर. आमचा पेट्रोल पंप, दुकान आणि टपाल, तिन्ही ती एकटी सांभाळायची. फेरीच्या दिवशी सकाळी सहाला टपालाच्या थैल्या एरलच्या हातात द्यायची, वर एक गरम मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली भाजकी कचोरीच, कागदात गुंडाळून द्यायची. सात वर्षं हे चाललं होतं. सात वर्षं एरल बुटांकडे बघून "बरं" म्हणत होता.

आणि मागच्या शुक्रवारी कोरली म्हणाली, "एरल, मी चाललेय. बहिणीकडे, किनाऱ्यावर. मंगळवारी सकाळी नऊची बस. इथं राहून करू काय? माझं आहे कोण इथं?"

बोलताना ती सरळ त्याच्याकडे बघत होती. दगडालासुद्धा कळलं असतं. एरलनं टोपीला हात लावला, मीट पाय घेतला आणि निघाला. गाव सोडून दहा किलोमीटर गेल्यावर मात्र स्पॅनरला म्हणाला, "मी आहे की गं! मी आहे, असं का नाही म्हणालो मी?"

म्हणजे विचारायचं ते गाडी चालवतानाच विचारायला हवं, एवढं त्याला कळून चुकलं. पण कसं? रेडिओवरून शक्यच नव्हतं. आमच्याकडे दोन्हीकडून बोलायचा रेडिओ प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक स्वयंपाकघरात, चॅनल सगळ्यांचा एकच, आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हीच आमची करमणूक. फोन हातात धरून चालवावं तर दंड, आणि दंडाचं सोडा, त्या पिकअपचा आवाज काय विचारता! डिझेलचं जुनं इंजिन, मागं लोखंडी फळ्या, खाली खडीचा रस्ता. आत बसून स्वतःचं शिंकणं ऐकू येत नसे.

म्हणून रविवारी त्यानं हँड्सफ्री आणला आणि गाडी घेऊन थेट म्हाताऱ्या क्लेमच्या शेडवर गेला. क्लेमची मेंढ्यांची जमीन टपालाच्या वाटेवरच, नव्वदाव्या किलोमीटरला. वय ऐंशी, हात अजून पक्के आणि तोंड हातांपेक्षा पक्कं.

"एकतीस वर्षांत तुला कुणी फोन केला नाही, लेका," क्लेम म्हणाला. "आता हे कुणासाठी?"

एरलनं बुटांकडे पाहिलं.

"कळलं," क्लेम म्हणाला. "पाना दे इकडे."

दोघांनी मिळून एरियलची लांब काठी पुढच्या लोखंडी गार्डवर घट्ट बसवली, तिची वायर इंजिनापासून लांबून आत ओढली, फोनचा स्टँड डॅशबोर्डवर ठोकला आणि छोटा माइक ऊन अडवायच्या झडपेला चिकटवला. मग एरल रस्त्यावर गेला आणि क्लेम शेडमधल्या फोनला कान लावून बसला.

"ऐकू येतंय का?" एरल ओरडला.

"दगडं दळतोयस काय रे?" क्लेम तिकडून ओरडला. "एक अक्षर कळत नाही!"

एरलचा चेहरा उतरला. क्लेम मात्र शेडच्या कोपऱ्यात गेला आणि मेंढ्यांच्या पोटाखालची, विकली न जाणारी लोकर दोन पोती भरून घेऊन आला. दोघांनी ती गिअरच्या भोकात कोंबली, दारांच्या पत्र्यामागे कोंबली, सीटच्या खाली आणि बाजूला दाबून दाबून भरली. गाडीत मेंढीचा असा वास सुटला की स्पॅनरला आनंदानं काय करू नि काय नको झालं! पुन्हा फोन लावला, आणि क्लेम पलीकडून हळूच म्हणाला, "अरे, तू तर माझ्या कानात बोलतोयस." एरल भर रस्त्यात मोठ्यानं हसला. एवढा खूश त्याला कुणी पाहिला नव्हता.

मंगळवार उजाडला. थैल्या घेताना कोरलीनं मीट पाय दिला आणि ती म्हणाली, "हा शेवटचा." एरल म्हणाला, "बरं." दाराशी तिची निळी बॅग भरून ठेवलेली होती. पण गाडीत बसताना आज तो घाबरला नव्हता. आज त्याच्याजवळ यंत्र होतं!

खडी लागली तशी त्याला एक बारीकशी टकटक ऐकू आली. रेडिओचा हातात धरायचा माइक हुकाला लटकून डॅशबोर्डवर आपटत होता. आधी हा आवाज कधी कळलाच नव्हता. आज मध्ये काहीही नको म्हणून एरलनं तो माइक काढला आणि सीटशेजारच्या लोकरीत खोल खुपसला. चांगला घट्ट बसवला. इतका घट्ट की बोलायचं बटण आत दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं.

झालं! बटण दाबलेलं असलं की तुमचं सगळं बाहेर जातं आणि बाहेरचं काही आत येत नाही. लोकरीमुळं आता गाडीत देवळासारखी शांतता. एरलला पत्ता नाही, आणि दोनशे किलोमीटरमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो स्पॅनरला सांगत होता, "टेकडीवर सिग्नल येतो, तिथं फोन लावायचा बरं का."

टेकडी आली. फोन लागला.

"कोरली, मी एरल. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. तू जाऊ नकोस. तुझं कोण आहे विचारलंस ना? मी आहे. माझ्याशी लग्न कर."

पलीकडं कोरलीच्या एका कानाला फोन होता, आणि मागच्या फळीवरच्या रेडिओतून तोच एरल पुन्हा तेच म्हणत होता. ती दचकली. "अगं बाई! एरल, अरे थांब, थांब, बोलू नकोस..."

आणि गाडी कोरड्या ओढ्यात उतरली. फोन तुटला.

एरलनं आपलाच अर्थ लावला. थांब म्हणाली. बोलू नकोस म्हणाली. पुन्हा फोन लावायला तर टेकडी मागं पडली होती आणि पुढं क्लेमच्या शेडपर्यंत सिग्नल नव्हता.

"संपलं, स्पॅनर," तो म्हणाला. गाडी चालू होती, त्यामुळं तोंडही चालू होतं. "तुला म्हणून सांगतो. मी होड्यांचे कॅटलॉग मागवतो ना, का मागवतो? इथं पाणी कुठाय? थैल्या देताना 'एरल, तुझंही एक टपाल आहे' असं म्हणून ती माझं नाव घेते, म्हणून मागवतो. सात वर्षं होड्यांची चित्रं बघतोय मी. नाही म्हणाली तर नाही म्हणाली. तिथं किनाऱ्यावर तिला थंडी वाजू नये म्हणजे झालं, गुडघे दुखतात तिचे."

घरोघरच्या स्वयंपाकघरांत बायका डोळे पुसत होत्या. बटण सोड म्हणून सगळे रेडिओवर बोंबलत होते, आणि त्याला एक शब्द जात नव्हता. मग फोन सुरू झाले. कोरलीनं वाटेवर राहणाऱ्या ग्लेनिसला केला, ग्लेनिसनं क्लेमला.

साठाव्या किलोमीटरला ग्लेनिस आपल्या फाटकावर उभी राहून पोळपाटाएवढे डोळे करून टॉवेल फडकवत होती. तिचं आज टपाल नव्हतं. एरलनं आमच्या रिवाजाप्रमाणं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, रामराम घातला आणि पुढं गेला.

"हा बैल थांबत नाही!" ग्लेनिस फोनवर किंचाळली. "क्लेम, तू काहीतरी कर!"

क्लेमनं केलं. एरल नव्वदाव्या किलोमीटरला पोचला तर रस्त्यावर आडवा क्लेमचा खडी सपाट करायचा पिवळा ग्रेडर. त्याच्या लांबलचक पात्यावर मेंढ्यांना खुणा करायच्या लाल रंगानं हातभर अक्षरं काढलेली: ती हो म्हणते. बटण सोड गाढवा.

एरलनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग दोन्ही हातांनी लोकर उपसायला लागला, स्पॅनरही पंजांनी उपसायला लागली, आणि माइक बाहेर आला तसा रेडिओतून एकदम वीसएक माणसांचा कल्ला फुटला. शिट्ट्या काय, शिव्या काय, "एरल, होडी कधी घेतोस?" काय! त्याचे कान लालभडक झाले.

"गप्प बसा सगळे," कोरलीचा आवाज आला, आणि सगळा मुलूख गप्प झाला. "एरल, बस येऊन उभीय. ड्रायव्हरही ऐकतोय. बॅग मी आत नेऊन ठेवलीय. हो म्हणतेय मी, ऐकलंस? आता तू काही बोलशील की नाही?"

एरलनं माइक तोंडाशी नेला. ओठ हलले. काही केल्या शब्द फुटेना. गाडी उभी होती.

खिडकीशी आलेल्या क्लेमकडं त्यानं केविलवाणं पाहिलं, आणि बोटानं ग्रेडर दाखवला. क्लेमच्या ध्यानात आलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा धावत गेला, वर चढला, आणि ग्रेडर घरघरत बाजूला झाला.

एरलनं इंजिन सुरू केलं. पहिला गिअर, मग दुसरा. डोळे रस्त्यावर ठेवले आणि बटण दाबलं.

"कोरली," तो म्हणाला, "आता सांगतो, ऐक."