विमानवाल्यांचा साडू

साडू देताना देवाने माझ्यावर कुठल्या तरी जन्मीचा सूड उगवला आहे. दुसऱ्यांचे साडू फार तर मोठी गाडी घेतात. माझा थेट आकाशात गेला. राजारामपुरीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, वय बावन्न, पोट सुखवस्तू. आणि शहराबाहेरच्या माळावर ग्लायडिंग क्लब निघाल्याचं कळताच हा गृहस्थ कॉलेजच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. "जल्मभर लोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या, दादा. आता बिनमोटारीचं काय तरी बघू की!" एवढंच त्याचं कारण.

तेव्हापासून लग्नाकार्यात अनोळखी माणसं मला विचारू लागली, "त्या विमानवाल्यांचे साडू काय तुम्ही?" तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, वारे कसे वाहतात ते फळ्यावर बाण काढून दाखवलं, आणि वाऱ्यावर बसून आला हा दहावी नापास! "तुम्ही जिना उतरतानासुद्धा कठडा धरता," असं बायको एकदा काही कारण नसताना म्हणाली. मी जळत होतो. त्याला दुसरा शब्द नाही.

त्याची एक खोड मात्र जुनी. ओळखीचं माणूस दिसलं आणि हाक मारली नाही, असं त्याच्या हातून कधी झालं नाही. मुरगूडला एका मयतीला निघालो, तर वाटेत त्याने अकरा वेळा गाडी थांबवली. पोहोचलो तेव्हा लोक आंघोळी करून बसले होते. "हाक न मारता गेलं की मानूस म्हनतंय, चढला की ह्यो," हे त्याचं उत्तर.

ह्याच खोडीने त्याला खाली आणलं. एकट्याने उडायचा त्याचा चौथा दिवस. उतरताना एक हात दांडीवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवायचा असतो, कारण पंखांवरचा हा ब्रेक उघडेल तसं ग्लायडर खाली येतं. धावपट्टीच्या अलीकडे पेठ वडगावचं एक जुनं गिऱ्हाईक उसाला पाणी पाजताना दिसलं. ह्याने ब्रेकचा हात सोडून हलवला आणि बंद काचेआडून "ओ पावणं!" अशी आरोळी ठोकली. हात सुटताच वाऱ्याच्या ओढीने ब्रेक सगळा उघडला आणि ग्लायडर धावपट्टी गाठायच्या आत उसात बसलं. पायाची दोन हाडं मोडली. त्या गिऱ्हाइकानेच त्याला बाहेर ओढलं, तेव्हा साडूने आधी विचारलं, "मोटर नीट चालत्या न्हवं?"

दवाखान्यात मेहुणी रडत मला म्हणाली, "दाजी, उडायचं सोडा म्हणून सांगा त्यास्नी. तुमचंच ऐकत्यात." तो माझं ऐकतो, हे मला नवीनच होतं. पण ह्या संधीची मी दोन वर्षं वाट पाहत होतो. वय, संसार, हाडं, सगळं काढलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे बोलणं फार सोपं गेलं.

तो छताकडे बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, घरातली भित्यात म्हणून सांगत्यात. तुम्ही वारं शिकवलेलं मानूस. तुमास्नी खरंच वाटतंय काय, मी उडू नये?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग सोडलं."

वाद होईल म्हणून मी तयारीने गेलो होतो. वाद झालाच नाही.

आता पाय बरा आहे. दुकान चालू आहे, रस्त्यावरच्या हाकाही. मेहुणी भेटेल तेव्हा माझे उपकार मानते. संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो. डोक्यावरून ग्लायडर गेलं की तो मान खाली घालून तार गुंडाळत राहतो, आणि वर बघतो तो मी. "उडा की परत," असं सांगायला मी तीनदा गेलो आणि तीनदा चहा पिऊन परत आलो. कारण तो विचारणार, मग त्या दिवशी नको का म्हणालात? आणि माझ्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या ह्या माणसाला, दादा तुझ्यावर जळत होता, हे कुठल्या तोंडाने सांगू?