रुपराव दफ्तरींना न सापडलेली केस

नागपूरच्या जिल्हा कोर्टात रेकॉर्ड रूम म्हणून जी लांबलचक खोली होती, तिथं रुपराव लांजेवार एकवीस वर्षं दफ्तरी होते. निकाल लागलेल्या केसेसचे कागद लाल फडक्यात बांधून बस्ता करायचा, बस्त्याला चिठ्ठी लावायची, घोडीवर, म्हणजे लाकडी शिडीवर, चढून तो फळीवर ठेवायचा आणि कोणी मागितला की पुन्हा खाली उतरवायचा, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत. अंगात खाकी, खांद्यावर सदा धूळ आणि शिंक अशी की पलीकडच्या नक्कल खात्यातला टायपिस्ट बोटं उचलून थांबायचा, ती होऊ द्यायचा आणि मगच पुढची ओळ मारायचा.

लग्नसराई जवळ आली की रेकॉर्ड रूमच्या दारात मुलीकडच्यांची गर्दी व्हायची. त्या काळात दर तिसरा नवरदेव ट्रक नाही तर मेटाडोर चालवणारा. हाती रोकडा यायचा, त्यामुळं स्थळ नाकारवत नसे, आणि पोटात भीती एकच. पोरगा पितो का? पिऊन गाडी चालवताना कधी धरला गेला का? हे मोटार कायद्याचं कलम एकशे सतरा. रुपराव अशा केसेसना नुसतं ‘एकशे सतरावाले’ म्हणत, जसं गावावरून कोणी ‘पाटणसावंगीवाले’ म्हणेल.

तपासणीच्या अर्जावर केस नंबर, साल आणि कोर्ट असे तीन रकाने. ते भरता आले असते तर बिचारे दारात कशाला उभे राहिले असते? मग रुपराव घोडीवरून खाली उतरत, हात झटकत आणि आपले प्रश्न काढत. कोणत्या सणाच्या मागं-पुढं पकडला? पोळ्याच्या का शिमग्याच्या? गाडी भरलेली होती का रिकामी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, एकशे सतरावाले इतके धरले जात की त्या आठवड्याचा बस्ता गादीसारखा फुगलेला असे. रुपरावांना तो अंधारातसुद्धा हाताला लागे.

महालातल्या कुसुमताई आपल्या भाचीच्या स्थळासाठी आल्या तेव्हा त्यांनी मुलाचं घर, गल्ली, शेजारी, सगळं सांगायला सुरुवात केली. रुपरावांनी त्यांना मध्येच थांबवलं.

“घर कुठी हाय ते नोका सांगू बाई. पकडला कुठी ते सांगा. केस नाक्याच्या मागं जाते, घराच्या मागं नाही.”

कुसुमताईंनी वर्धा रोडचा नाका सांगितला. पंधरा मिनिटांत चार केसेस निघाल्या. कुसुमताई तिथंच पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि जाताना रुपरावांना म्हणाल्या की तुमच्या हाताला देव आहे. असे हात रुपरावांनी डझनभर लग्नांना लावले होते. त्यातली बरीच मोडली, आणि मोडली ते बरंच झालं असं मागाहून सगळे म्हणाले.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरी, चौऱ्याऐंशी साली, ड्रायव्हरचं स्थळ आलं.

मुलगी तारा. मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवायची, आणि बोलण्यात आईच्याही पुढची. मुलगा केशव भोयर, नागपुरातल्याच पारडीचा, कळमन्याच्या बाजारातून संत्री आणि धान्य भरून जबलपूरच्या अंगाला जाणारा. पाहणं झालं. पोहे झाले. केशवचे वडील गणपतराव सुपारी कातरत पावसापाण्याच्या गोष्टी करत होते. निघायच्या वेळी केशव उठला आणि चप्पल घालायच्या आधी, सगळ्यांसमोर, रुपरावांना म्हणाला, “काकाजी, एक सांगून ठेवतो. माह्यावर केस झाली हाय. पिऊन गाडी चालवल्याची. तीन साल झाले. एकच हाय.”

गणपतरावांना सुपारी लागली. खोकता खोकता त्यांनी पोराकडं जे पाहिलं, ते पाहणंच एक शिक्षा होती.

मंडळी गेली तशी मनकर्णा, ताराची आई, स्वयंपाकघरातूनच निकाल देऊन मोकळी झाली. स्थळ नको. तारा ताटातले कप उचलत होती. ती बापाकडं वळली.

“बाबा, तो एकच म्हन्ते. एकच हाय का, पाहून या ना. एक असन तर मी हो म्हन्तो. दोन निघाल्या तर तो खोटा, मंग विषय बंद.”

म्हणजे लग्न ठरायचं की मोडायचं ते आता रुपरावांच्या घोडीवर आलं.

फळी ओळखीची, बस्ता ओळखीचा, हात वर केला की काम. पण रुपरावांनी एकवीस वर्षांत अर्जाशिवाय एक कागद खाली घेतला नव्हता. त्यांनी अर्ज आणला, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि रेकॉर्ड कीपर गोपाळरावांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. गोपाळरावांनी चष्मा वर केला, खाली केला, अर्ज वाचला.

“अर्जदाराचा आरोपीशी संबंध?”

“होनारा सासरा, साहेब.”

“‘होणारा’ असं काही नसतं, रुपराव. एक तर आहात, नाही तर नाही.”

“ते तर ह्या अर्जावरच हाय न साहेब.”

गोपाळराव हसले नाहीत, पण सही करताना त्यांची मिशी हलली. मग म्हणाले की अर्जदारानं नियमाप्रमाणं बाहेर बाकावर बसावं. रुपराव बाहेर जाऊन बसले. पाच मिनिटांनी गोपाळराव दारात आले आणि म्हणाले, “आता आत या. बस्ता काढणारेही तुम्हीच.”

एक्याऐंशी सालचा पोळ्याचा बस्ता रुपरावांनी उघडला. केशव भोयर नाही. आधीचा आठवडा, नंतरचा आठवडा, नाही. ऐंशी साल, ब्याऐंशी साल, नाही. एक केशव निघाला, पण तो पन्नाशीचा, सीताबर्डीत स्कूटर घेऊन नालीत उतरलेला. दोन दिवस डब्याच्या सुट्टीत रुपरावांनी रजिस्टरं चाळली, शिंकून शिंकून टायपिस्टचं काम बंद पाडलं, आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन सांगितलं की केस नाही.

मनकर्णाचा चेहरा उजळला. केस नाही म्हणजे पोरगा चांगला, मग स्थळाला काय हरकत?

रुपरावांचं मात्र डोकं फिरलं होतं. केस असती तर समजलं असतं. नसलेली केस कोणी सांगतो का? म्हणजे नाव बदलून धरला गेला असेल. नाही तर भलतंच मोठं काही केलं असेल, कोणाच्या अंगावर गाडी घातली असेल आणि लहान केस पुढं करून मोठी झाकत असेल. असे नमुने त्यांनी पाहिले होते.

“अन् मले सापडत नाही असं हाय तरी काय त्या खोलीत?” हे ते तीन वेळा म्हणाले.

तारा म्हणाली, “मंग त्यालेच जाऊन विचारा ना. लोकायले विचारता तसं.”

रुपरावांनी रजा टाकली आणि कळमन्याला गेले. केशव ट्रकवर उभा राहून संत्र्यांच्या पेट्या रचत होता. रुपरावांना पाहून त्यानं उडी मारली, हात शर्टाला पुसले, एक पेटी उलटी करून त्यांना बसायला दिली. रुपराव बसले नाहीत. उभ्या उभ्या, वकिलासारखे, एकेक प्रश्न विचारू लागले.

“कोनता सण?”

“मारबत होती काकाजी.”

“गाडी भरली होती का रिकामी?”

“रिकामी. देवलापारहून वापस येऊन राहिलो होतो.”

“कोन्या रस्त्यानं?”

“जबलपूर रोडनं. कामठीच्या नाक्यावर धरलं मले.”

रुपराव मटकन पेटीवर बसले. एकवीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला घर नका सांगू, नाका सांगा म्हणून दम देणारे ते, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी पारडीचा मुलगा म्हणून सरळ नागपूरची रजिस्टरं उघडून बसले होते. कामठीला कोर्ट वेगळं. तिथले बस्ते नागपूरला यायला वर्षं लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

केशवनं घाबरून विचारलं, “काय झालं काकाजी?”

“काई नाही गा,” रुपराव म्हणाले. “एक संत्रं दे.”

दुसऱ्या दिवशी ते कामठीला उतरले. तिथल्या कोर्टाचे दफ्तरी दादाजी म्हणून एक म्हातारे होते. गालात तंबाखू, बोलणं कमी. रुपरावांनी आपली ओळख सांगितली, मीही दफ्तरीच म्हणून. दादाजी म्हणाले, “मंग तर तुमाले मालूमच असन. अर्जाबिगर बस्ता खाली येत नाही.”

रुपरावांना त्या उत्तराचा राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. त्यांनी अर्ज भरला, साहेबांची सही आणली. दादाजींनी केस नंबर विचारला. रुपराव म्हणाले की नंबर नाही, पण एक्याऐंशीचा पोळा, दुसरा दिवस, गावचा नाका, ट्रक, रिकामा.

दादाजींनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग उठले, रजिस्टर न उघडता कोपऱ्यातल्या फळीपाशी गेले आणि बस्ता काढून आणला. रुपरावांनी मनातल्या मनात त्यांना नमस्कार घातला.

केस होती. केशव गणपत भोयर, वय चोवीस, धंदा ड्रायव्हर, राहणार पारडी. गुन्हा कबूल. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा. रजिस्टरात एवढंच. पण रजिस्टरावर थांबेल तो दफ्तरी कसला? रुपरावांनी आतले बांधलेले कागद सोडवले. पोलिसाचा रिपोर्ट होता, आरोपीनं नाक्याच्या अलीकडं दोन फर्लांग गाडी नागमोडी चालवली. डॉक्टरचा दाखला होता, तोंडाला वास, पाय डगमगतात, जबान साफ. त्याखाली आरोपीचं म्हणणं. रुपराव खिडकीच्या उजेडाला गेले आणि पुन्हा वाचू लागले.

‘गुन्हा कबूल आहे. परंतु रिपोर्टात दोन फर्लांग लिहिले ते बरोबर नाही. गुत्त्यापासून नाक्यापर्यंत साडेचार मैल चालवली.’ आणि त्याखाली मॅजिस्ट्रेटच्या बारीक अक्षरात, ‘असे सांगणे आरोपीच्याच विरुद्ध जाते, हे त्यास समजावून दिले. आरोपी म्हणतो, तरी साडेचारच.’

एकवीस वर्षांत रुपरावांनी हजारो आरोपींचं म्हणणं फळीवर ठेवलं होतं. प्यायलो नाही, औषध घेतलं होतं. प्यायलो, पण गाडी माझा भाऊ चालवत होता. गाडी आपोआप उतारानं गेली. आपला गुन्हा मोजून अठरापट वाढवून देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मागून दादाजी म्हणाले, “म्हनूनच हा बस्ता माह्या ध्यानात हाय. साहेब दिवसभर हासून राहिले होते. अन् हा पोट्टा तिथंच बाकावर बसून. तुमचा कोन हाय?”

“होनारा जावई,” रुपराव म्हणाले, आणि जरा वेळानं म्हणाले, “तशी अजून काई नक्की नाही.”

मग त्यांनी पुढच्या तिन्ही वर्षांची रजिस्टरं मागितली. अर्ज पुन्हा एक. दुपारपर्यंत दोघे दफ्तरी शेजारी शेजारी बसून पानं उलटत होते आणि आळीपाळीनं शिंकत होते. दुसरी केस निघाली नाही. रुपरावांनी नक्कल मागितली, शिक्का मारून घेतली, डब्यातली भाकर दादाजींना दिली आणि त्यांच्या डब्यातली आपण खाल्ली.

घरी त्यांनी नक्कल मोठ्यानं वाचून दाखवली. मनकर्णानं पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “पिला तर होता ना पन?”

“पिला होता,” रुपराव म्हणाले. या प्रश्नाला कोणत्याच बस्त्यात दुसरं उत्तर नव्हतं.

तारानं कागद हातात घेतला, बालवाडीत पाटी तपासावी तसं बोट फिरवत वाचला, आणि म्हणाली की त्याला एकदा बोलवा, पुढचं मला विचारायचं आहे.

रविवारी केशव आला, एकटाच. मागच्या वेळचाच इस्त्रीचा शर्ट. गणपतराव आले नाहीत, पोरगा आणखी काय बोलून बसेल याची त्यांना धास्ती असावी. रुपरावांनी नक्कल त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती पाहिली आणि नुसती मान हलवली, आपलीच आहे म्हणून.

तारा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, “अजून पिता?”

“पोळ्याले अन् शिमग्याले.”

मनकर्णानं आतून भांडं आपटलं.

“अन् त्या दिवशी गाडी?”

“त्या केसपासून नाही. सणाच्या आदल्या दिवशी किल्ली मालकाजवळ देऊन देतो.”

“मालकाले मालाची घाई असते. तो कवा बी वापस देईन,” तारा म्हणाली. “किल्ली माह्याजवळ राहीन. अन् वापस मी सांगीन तवा.”

केशवचे कान लाल झाले. आपल्याला काय सांगितलं गेलं हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. रुपरावांना लगेच समजलं होतं, पण ते खिडकीतून बाहेर पाहत बसले, जणू तिथं कोणाचा तरी अर्ज घेऊन माणूस उभा आहे.

“देईन,” केशव म्हणाला. मग थांबून, खरं तेच सांगायची खोड असल्यासारखा म्हणाला, “पन किल्ल्या दोन हायेत. एक गाडीत, एक घरी.”

“दोन्ही,” तारा म्हणाली.

रुपरावांना हसू आवरेना. मनकर्णा पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग त्या मोठ्या हातांच्या, खाली मान घालून बसलेल्या पोराकडं.

“वांग्याची भाजी हाय अन् भाकरी,” ती केशवला म्हणाली. “जेवून जाजा.”