सापडलं नाही तर काय सांगायचं

माझी नात घरी बसून संगणकाचं काम करते. चितेगावच्या एका कारखान्याच्या भांडारासाठी ती प्रोग्राम लिहीत होती. यंत्राचा सुटा भाग कोणत्या कप्प्यात आहे, ते त्यानं सांगायचं. नोकरी कच्ची होती. काम साहेबाला पटलं तर पक्की, नाही तर गेली. घरात आम्ही दोघीच, आणि घर तिच्यावर चालतं.

मी चौथी शिकलेली. पण तिचं आणि साहेबाचं फोनवरचं भांडण रोज ऐकून मलाही कळायला लागलं. मागितलेला भाग यादीत सापडलाच नाही तर काय करायचं? नातीनं लिहिलं होतं, पहिला कप्पा सांगून मोकळं व्हायचं. एका ओळीत काम होतं, दिसतंही सुबक. साहेबाचं म्हणणं, प्रोग्रामनं बंद पाकीट द्यावं. आत 'आहे' निघेल किंवा 'नाही'. मागणाऱ्यानं ते उघडावं आणि दोन्हींची सोय आधीच करून ठेवावी.

"एवढ्याशासाठी इतक्या ओळी कोण लिहितं, आजी?"

"मला काय विचारतीस? साहेबाला विचार."

"ते ऐकतच नाहीत."

"मग तू ऐक. माझं डोकं उठलंय."

आमच्यात धान्याचा डबा पुरता रिकामा करत नाहीत. तळाला चार दाणे ठेवतात. एका दुपारी मी तिला विचारलं, तूरडाळ आहे का? तिनं डबा हलवला, म्हणाली, आहे. मी गॅसवर आधण ठेवलं, कांदा चिरला, डबा उघडला तर तळ दिसला.

"व्हय गं, ही डाळ?"

"वाजला की डबा."

"दाणे वाजले. डाळ नाय. सरळ नाय म्हणाली असतीस तर मी आधण तरी ठेवलं नसतं."

तिला शिकवायला मी बोलले नव्हते, मला भूक लागली होती. तिनं मात्र डबा माझ्या हातातून घेऊन पुन्हा हलवून बघितला. मग म्हणाली, "भांडारातला माणूस पण असाच जाईल पहिल्या कप्प्यापाशी."

"जाऊ दे त्याला. आधी बेसन काढ."

पिठलं खाऊन ती कामाला बसली. एकेका ओळीच्या पाच-पाच करत राहिली. लई कुरकुर केली, पाठ दुखते म्हणाली. मी तेल चोळून दिलं नाही, माझेच हात दुखत होते.

पुढच्या आठवड्यात साहेबाचा फोन आला. "आजी, झाली पक्की," ती म्हणाली.

"बरं झालं. आता फोनवर हळू बोलत जा."