पर्वतीवरची परीक्षा

जावई पारखायची बाबांची पद्धत जगावेगळी होती. पत्रिका नाही, कांदेपोहे नाहीत. मुलाला दिवसभर पुणं दाखवायचं आणि मध्येच ठणकावून एक थाप मारायची. बाबा शाळेत इतिहास शिकवत, त्यामुळे त्यांची थापही खरी वाटे. तिला जो मान डोलावेल तो बाद. पाताळेश्वराचं लेणं पेशव्यांनी खोदलं, असं त्यांनी एका इंजिनिअरला सांगितलं, तर तो म्हणाला, "हो, वाचलंय मी." बाबांनी त्याला तिथूनच बसस्टॉप दाखवला.

या वेळचा मुलगा माझ्या ऑफिसातला, हडपसरचा आणि मला मनापासून आवडलेला. त्याला थापेबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, अशी शपथ बाबांनी मला घातली होती.

सकाळी आम्ही तिघं नारायण पेठेतून चालत निघालो. शनिवारवाडा झाला, पाताळेश्वर झालं, तरी थाप काही येईना. शुद्ध बोलायच्या धास्तीनं मुलगा दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलला होता. इकडे माझा जीव टांगणीला. उन्हं उतरल्यावर आम्ही पर्वती चढलो. वर कठड्याशी उभं राहून बाबांनी हात लांब केला.

"खडकीची लढाई पेशव्यांनी इथून पाहिली म्हणतात. ती बघा खडकी."

हात पूर्वेकडे होता. आली एकदाची थाप! मुलगा एकदा त्या हाताकडे बघे, एकदा बाबांकडे. त्याला चांगला चिमटा काढावा असं वाटलं मला.

"सर, राग मानू नका," तो शेवटी म्हणाला. बोलण्याच्या भरात शुद्धबिद्ध सगळं सुटलं. "तिकडं आमचं हडपसर हाय. खडकी ह्या अंगाला."

मी टाळ्याच पिटणार होते. पण बाबा हसले नाहीत. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले आणि "असं होय," एवढंच म्हणाले. खरं बोलूनही नापास?

उतरायला लागलो तशी बाबा पहिल्याच पायरीवर थबकले.

"जरा हात धरा माझा," ते त्याला म्हणाले. "हल्ली लांबचं सगळं धूसर दिसतं. मघाशी अंदाजानंच हात केला."

म्हणजे ती थाप नव्हतीच! तो एक पायरी पुढे झाला. बाबांनी त्याचा हात घट्ट धरला.

"घरात कुणाला बोललो नाही अजून," बाबा म्हणाले. "तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."