गुलाबी झालं की!

आत्याच्या प्रयोगशाळेत रामण्णा दिवसातून दोनदा झाडू मारतात. तरी संध्याकाळी टेबलाखाली काहीतरी साठलेलं असतंच. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम आणत नाही, पण साठतात. आणि मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच जास्त साठतात. आता हसून हसून पोट दुखायला लागलं, म्हणून लिहून काढते.

आधी माणसं सांगते. कुमुदआत्या रसायनशास्त्रात संशोधन करते. विदर्भात एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिथल्या टाकाऊ दगडांच्या ढिगांवरून पाणी वाहतं. त्या पाण्याबरोबर तांबं, शिसं, जस्त ओढ्यात उतरतं आणि पुढे शेतांच्या मातीत जातं. किती जातं आणि किती लांबपर्यंत, हे आत्याला शोधायचंय. रामण्णा हे प्रयोगशाळेचे शिपाई, मूळचे कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीचे. आणि सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, कडक आणि सोलापूरच्या उन्हाने हैराण झालेले! त्यांना बारा महिने घामोळं. मानेवर पावडरीचा असा थर असतो, की मागून बघितलं तर शर्टाला दुसरी पांढरी कॉलर आहे असंच वाटावं.

मी नववीत आहे. शाळा सुटली की आत्याचा डबा घेऊन जाते आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसते. पहिल्या दिवशी सरांनी मला तीनदा नाव विचारलं. मी तिन्ही वेळा माझ्या चपलांकडे बघितलं. शेवटी सर आत्याला हळूच म्हणाले, "कुमुदबाई, हिला डॉक्टरांना दाखवलंत का?"

*

आत्या ओढ्याचं पाणी आणि माती घेऊन रेल्वेने परत आली, त्या दिवशीची गोष्ट. ट्रंक उचलताना हमाल वाकलाच.

"ताई, काय सोनं हाय का काय आत?"

"नाही हो. माती आहे."

"माती?" त्याने ट्रंक खाली ठेवली. "आमच्या सोलापुरात माती न्हाय व्हय?"

पुढे जकात नाक्यावरच्या कारकुनाने ट्रंक उघडायला लावली. मातीच्या पिशव्या त्याने दाबून बघितल्या, बाटल्या उजेडात धरल्या. यंदा पाऊस रुसलेला. आमच्या गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. त्याने विचारलं, "यात काय?" आत्या म्हणाली, "पाणी. ओढ्याचं." कारकून उठून उभाच राहिला. आतल्या साहेबांना ओरडून म्हणाला, "साहेब, लोक आता पाणीसुद्धा बाहेरगावाहून आणायला लागले!"

आणि आदराने ट्रंक सोडून दिली.

*

आत्याच्या तपासणीत एक हिरवं औषध असतं. लहान बाटलीत पाणी घ्यायचं, ते औषध घालायचं आणि हलवायचं. पाण्यात धातू असेल तर हिरव्याचं गुलाबी होतं. पण त्याआधी अगदी शुद्ध पाण्याची एक बाटली करून बघायची. ती हिरवीच राहिली पाहिजे. ती गुलाबी झाली, तर धातू बाहेरून कुठून तरी पडतोय. मग बाकीच्या सगळ्या बाटल्यांवर कुणी विश्वास ठेवायचा?

पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमले. सर बाटलीवर ओणवे झाले. आत्याने बूच लावून बाटली हलवली.

"अय्यो! गुलाबी झालं की!" रामण्णा आनंदाने ओरडले आणि धावत बाहेर गेले. आत्या डोकं धरून बसली. इतक्यात रामण्णा पेढे घेऊन हजर!

"बाई, पहिल्याच दिवशी रंग आला. आता हुतंय बघा तुमचं काम!"

आत्याने रडवेल्या चेहऱ्याने पेढा खाल्ला. सरांनी दोन खाल्ले.

*

मग संशयाचे दिवस सुरू झाले. जस्ताची बादली बाहेर गेली. रबरी बुचं जाऊन काचेची आली, रबरातही जस्त असतं म्हणे. आत्याच्या बांगड्या घरी गेल्या. तरी आठवड्यात चार दिवस बाटली गुलाबीच!

एकदा सगळं धुऊन, पुसून, फडक्याखाली झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी. आम्ही गेलो तर प्रत्येक बाटलीला हळदकुंकू, वजनाच्या काट्याला झेंडूचा हार आणि काचेच्या नळ्यांना ठसठशीत शेंदूर!

"रामण्णा, अहो शेंदरात शिसं असतं!" आत्याचा आवाज फाटला.

"बाई, देवाचं हाय. देवाच्यात कुटं भेसळ असती व्हय?"

सर तरातरा आले. रामण्णांची आता धडगत नाही असं मला वाटलं. सरांनी बाटल्यांकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं.

"रामण्णा," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "माझ्या खुर्चीला फूल नाही?"

*

प्रयोगशाळेमागे व्यंकटय्यांचा रंगाचा कारखाना आहे. ते चादरींचं सूत रंगवतात. एकदा त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. टेबलावर गुलाबी बाटल्यांची रांग होती.

"पापा," ते मला म्हणाले (तेलुगूत पोरीला असं म्हणतात), "ह्यो रंग पक्का हाय का? चादरीवर लई भारी दिसंल!"

मी स्टूल मागे सरकवलं. म्हणून ते आत्याला म्हणाले, "बाई, किती दिवस धरून बघायलोय मी. इतका सारखा गुलाबी आमच्या हौदात येत न्हाय. कसा आणता?"

"मी आणत नाही हो!" आत्या म्हणाली. "मला हा रंग नकोच आहे!"

"नको असंल तर मला द्या की!"

*

पण हसण्याखाली एक काळजी होती. ओढ्याचं पाणी तपासण्यांमध्ये संपत आलं होतं. पुन्हा आणायला जावं, तर आजोबांनी आधीच सांगितलं होतं, "एकदा पाठवली. पुन्हा एकटी पाठवणार नाही." आणि येत्या सोमवारी पुण्याचे एक मोठे सर काम बघायला येणार होते.

शेवटची बाटली खाणीपासून सगळ्यात लांबच्या गावातली होती. तिथल्या एका म्हातारीने ती स्वतःच्या हाताने भरून दिली होती. देताना म्हणाली होती, "बाई, पानी प्याचं का नाही, तेवढं सांगजो." आत्याने तिला शब्द दिला होता. त्या बाटलीत आता एकाच तपासणीपुरतं पाणी उरलं होतं.

*

गुरुवारी सर पुतण्याच्या लग्नाला केम गावाला गेले. त्या दिवशी बाटली हिरवी राहिली. शुक्रवारी सर लग्नाहून आले नाहीत. बाटली हिरवी! आत्या इतकी खूश झाली, की तिने रामण्णांना स्वतःहून पेढे आणायला पाठवलं.

शनिवारी सर आले. "बघू, बघू," म्हणत उघड्या बाटलीवर ओणवे झाले आणि मान खाजवली. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात मला काहीतरी पांढरं, बारीक, तरंगत खाली जाताना दिसलं.

"गुलाबी झालं की," रामण्णा म्हणाले. आता त्यांनाही वाईट वाटायला लागलं होतं.

सर जेवायला गेले, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा पावडरचा डबा आत्यापुढे ठेवला आणि त्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. झिंक ऑक्साइड. म्हणजे जस्तच! आत्याने चिमूटभर पावडर हिरव्या बाटलीत टाकली. व्यंकटय्या बघत असते तर तिथल्या तिथे ऑर्डर देऊन गेले असते.

"सरांना कोण सांगणार?" आत्याने विचारलं.

"मी न्हाय बा," रामण्णा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघितलं.

शेवटी रामण्णांनीच डबा उचलला आणि भांड्यांच्या कपाटावर, पार भिंतीकडे सरकवून ठेवला.

*

सोमवारी पुण्याचे सर आले. ठेंगणे, हसरे, हातात चामड्याची बॅग. आमच्या सरांनी सकाळपासून डबा शोधून प्रयोगशाळा डोक्यावर घेतली होती. आता ते पाहुण्यांसमोर उभे राहून एकदा मान खाजवत होते, एकदा पाठ कपाटाला घासत होते.

शुद्ध पाण्याची बाटली हिरवी राहिली. आमचे सर पाठ घासत म्हणाले, "शिस्त! माझ्या प्रयोगशाळेत शिस्त आहे, म्हणून हे होतं!" खाणीजवळच्या ओढ्याचं पाणी गडद गुलाबी झालं. त्याखालच्या शेताजवळचं फिकट गुलाबी. पुण्याचे सर मान डोलवत होते.

मग आत्याने म्हातारीची बाटली काढली. उरलेलं सगळं पाणी ओतलं, हिरवं औषध घातलं आणि बूच लावून हलवलं. रंग बदलला नाही. तिने बूच काढून बाटली पाहुण्यांपुढे धरली. अजून एक औषध त्यात घातलं, की खात्री होणार होती.

"वा!" पुण्याचे सर म्हणाले. इतक्यात त्यांचं लक्ष कपाटाला घासणाऱ्या आमच्या सरांकडे गेलं. "अरेरे, घामोळं का? सोलापूर म्हणजे काय विचारता! माझीही तीच गत झाली सकाळपासून." त्यांनी बॅगेत हात घातला आणि डबा बाहेर काढला. तसाच पावडरचा डबा! त्याचं झाकण फिरवत ते बाटलीवर वाकले. "थांबा, आधी मी जरा मानेला लावतो..."

आत्या त्या डब्याकडे बघतच राहिली. रामण्णांनी आधी कपाटावर बघितलं.

"बूच लावा!"

मागच्या कारखान्यात व्यंकटय्यांच्या हातून सुताचा गठ्ठा हौदात पडला, इतका तो आवाज मोठा होता. आत्याचा अंगठा फटकन बाटलीच्या तोंडावर बसला. वरून पांढरी भुकटी अंगठ्यावर पडली. आतलं पाणी हिरवं ते हिरवंच.

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या सरांचा मान खाजवणारा हात तसाच वर राहिला होता.

"कुमुदबाई," ते म्हणाले, "कोणत्या डॉक्टरांना दाखवलंत?"