मरळ मेली नव्हती

ती सकाळ विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी चालू असताना फोन आला. पळसदेवच्या बाजूला फुगवट्यात, म्हणजे धरणाच्या मागे साठलेल्या पाण्यात, मासे मरून काठाला लागले होते. फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितले नाही, संशयिताचे मात्र सांगितले. "तात्यानंच औषध टाकलंय. संस्थेशी भांडलाय त्यो."

तात्या पन्नाशीचा मच्छीमार. इतरांच्या बारीक विणीच्या जाळ्यांवरून मच्छीमार संस्थेशी त्याचा वाद होता, हे खरे. आम्ही पंचनामा केला. काठाच्या शंभर पावलांत तीनशे अठरा मासे मेले होते, सगळ्यांची तोंडे उघडी. मोजणी मी स्वतः दोनदा केली, मला ती सवय आहे. मग तात्याच्या पडवीत कीटकनाशकाची अर्धी बाटली सापडली.

"भेंडीवर मारायचं हाय ते साहेब, भेंडीवर!" त्याची बायको सांगत होती.

भांडण होते, बाटली होती. मी जाळे जप्त केले आणि तात्याला जीपमध्ये मागे बसवले. आठवडे बाजाराचा दिवस होता आणि रस्ता बाजारातूनच जात होता. गुन्हा शाबीत झाला तर त्याचा मासेमारीचा परवाना जाणार होता. पोट भरायचे दुसरे साधन म्हणजे ती दोन वाफे भेंडी.

ठाण्यात हवालदार म्हणाले, "तात्या, बोला लवकर. साहेबांचा चहा गार होतोय."

"पिऊ द्या की मग. मला कुठं घाई हाय? जाळं तर तुमच्याकडंच हाय." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, मेलेलं किती मोजलं?"

"तीनशे अठरा."

"त्यात मरळ किती?"

मी पंचनामा उघडला. कटला होता, रोहू होता. मरळ एकही नव्हती.

"औषध पडलं की मरळसुद्धा उलथी पडती. पाण्यातली हवा सरली तर मातुर ती जगती. तोंड वर काढून वरची हवा घेती ती. कटल्याला ते जमत न्हाय."

त्याला घेऊन मी पुन्हा काठावर गेलो. पाच मिनिटांत मरळीने दोनदा तोंड वर काढलेले मी पाहिले. तात्याने मेलेल्या कटल्याचा कल्ला उचलून दाखवला. लाल असायचा तो काळपट, चिकट झाला होता.

"दम कोंडून मेलंय. दोन वर्सं झाली, माशांच्या अंगावर फोड येत्यात, वजन भरत न्हाय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"संस्थेत सांगितलं की. म्हनले, बोंब मारू नगा, गिऱ्हाईक तुटंल."

तात्याला मी दुपारीच घरी सोडले. पण जाळे जप्तच होते आणि गावात कोणी त्याच्याशी बोलत नव्हते. पाणी कुठून बिघडले ते शोधत मी काठाने वर गेलो. वरच्या ओढ्याच्या मोरीखाली पाणी काळे होते, आंबलेल्या गुळासारखा वास येत होता. शेजारी टँकरच्या चाकांचे ताजे ठसे होते. दोन माणसे पाळतीवर बसवली. तिसऱ्या दिवशी टँकर सापडला. चालकाने जबाबात कबूल केले: एका कारखान्याचे सांडपाणी लांब नेण्यापेक्षा टँकरचा मालक ते इथेच सोडायला सांगायचा. तपासणीच्या अहवालात माशांत कीटकनाशक आढळले नाही, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता. चालक आणि मालक दोघांवर गुन्हा दाखल झाला.

तात्याला जाळे न्यायला बोलावले. तो ते उचलेना.

"बाजारातनं न्हेलंत ना साहेब? मग बाजारातनंच माघारी सोडा."

स्टेशन डायरीत अशी नोंद करायला रकाना नसतो. तरी मी 'जप्त जाळे परत करण्यासाठी रवाना' असे लिहिले.

चूक माझी होती. मी आकडा बरोबर काढला, पण फक्त मेलेल्यांचा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घटनास्थळी काय गेले याच्याखाली काय शाबूत राहिले, हेही मी लिहून घेत आलो. काही तपासांत त्याच ओळीने मला रस्ता दाखवला.

पुढच्या बाजाराला तात्या धुतलेला सदरा घालून आला. मी त्याला पुढे बसवले आणि स्वतः मागे बसलो. चालकाला सावकाश घ्यायला सांगितले. भाजीच्या रांगेतून एक बाई ओरडली, "तात्या, मासं कवा आणताय?"

"पाणी बरं झाल्यावर," तो म्हणाला, आणि जाळे मांडीवर घेऊन ताठ बसून राहिला.