गुरुवारचा उंचवटा

"पत्र तयार आहे. फक्त माझी सही राहिलीय," जाधव सर म्हणाले.

सर आमच्या दवाखान्याचे प्रमुख. पत्र ग्रामपंचायतीला होतं. बाजारातली सलीमचाचांची रसवंती ताबडतोब बंद करावी, असं त्यात लिहिलं होतं आणि पुरावा म्हणून माझा आलेख जोडला होता.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. जंतू ओळखायचा, तो कोणत्या औषधाला दाद देतो ते सांगायचं, एवढं मला येतं. पण तो गावात फिरतो कसा, गाठतो कोणाला, हे शोधायचं शास्त्र वेगळं. त्याला एपिडेमिऑलॉजी म्हणतात. त्यातली आकडेमोड म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्स. संशोधन करायचं तर दोन्ही यायला हवं, म्हणून चाळिशीनंतर मी ऑनलाइन कोर्स लावला. तिसऱ्याच धड्यात 'एपिडेमिक कर्व्ह' आला. सोपा प्रकार असतो. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर पेशंट, आणि उंचवटा कुठे दिसतो ते पाहायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जुलाबाचे पेशंट वाढले होते. मी लॅबचं रजिस्टर काढलं, कर्व्ह काढला आणि खुर्चीतून उडालेच. दर गुरुवारी उंचवटा! गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. पेशंटना फोन लावले, बाजारात रस प्यालात का? बहुतेक जण "व्हय" म्हणाले. झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! रंगीत प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. रसवंतीच्या बर्फाचं सॅम्पल मी तपासणीला लावलं होतं, पण रिपोर्टला दोन दिवस होते. तेवढा धीर ना मला, ना सरांना.

बातमी मात्र पत्राआधीच बाजारात पोचली. गुरुवारी सकाळीच, दुकान मांडायच्या आधी, सलीमचाचा लॅबच्या दारात उभे.

"मॅडम, उन्हाळ्याचे तीन महिने, एवढाच धंदा हाय माझा. बंद करा म्हणता तर करतो. पण एक सांगा. दर बाजाराला तुमी माझ्याकडं दोन ग्लास पिता. तुमाला काही तकलीफ झाली का?"

झाली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस पिऊन ठणठणीत राहिलेल्यांना मी विचारलंच नव्हतं, आणि त्यांत पहिली मीच होते.

मी सरांकडे धावले. "सर, सही दोन दिवस थांबवा."

"आलेख तुमचाच ना?"

"म्हणूनच म्हणतेय."

परत आले तर खिडकीशी कावेरीबाई उभ्या. मागच्या गुरुवारी त्या सॅम्पल देऊन गेल्या होत्या, आता रिपोर्ट न्यायला आलेल्या.

"मावशी, जुलाब लागले कधी?"

"रविवारी की."

"मग गुरुवारपर्यंत काहून थांबलात?"

"आता गं माय! आमच्या वस्तीवर जीप बाजारालाच येती. पायी येऊ का काय?"

"आणि रस प्यालात म्हणाला होतात फोनवर?"

"प्याले ना. तुमच्या डॉक्टरच्या गोळीनं तोंड कडू झालं, म्हणून दवाखान्यातून निघून तिकडंच गेले."

मी कपाळावर हात मारला. आधी जुलाब, मग जीप, मग गोळी आणि शेवटी रस. मी ही रांग उलटी लावली होती. रजिस्टरमधली तारीख सॅम्पल आल्याची असते, आजार सुरू झाल्याची नव्हे. हे तिसऱ्या धड्यातच ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

पुन्हा सगळ्यांना फोन केले. त्रास सुरू झाला त्या तारखेवर प्रत्येक पेशंट मांडला, तेव्हा गुरुवारचा उंचवटा पार सपाट झाला. पेशंट आठवडाभर पसरलेले होते, पण बहुतेक कावेरीबाईंच्या वस्तीवरचे. तिथं गेलो तर नळाचा पाइप गटारातून गेलेला आणि नेमका तिथेच फुटलेला. त्या पाण्यात जंतू सापडले. चाचांच्या बर्फात काही सापडलं नाही. पाणी उकळून प्यायला सांगितलं, पाइप बदलला गेला, आणि हळूहळू रजिस्टरची पानं पुन्हा रिकामी राहू लागली.

मी रसवंतीवर गेले. "चाचा, चूक माझी होती. तुमच्यावर उगाच आळ आला."

चाचांनी यंत्रात ऊस घातला. "थांबवलं बी तुमीच ना? बसा." मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडमला दोन ग्लास, बर्फ जास्त!"

मी दोन्ही भर बाजारात उभी राहून प्याले.

सही न झालेलं पत्र सरांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय. मी नवा आलेख घेऊन गेले की ते आधी तो ड्रॉवर उघडतात. लॅबच्या फॉर्मवर आता एक रकाना जास्त आहे: त्रास कधी सुरू झाला? तो भरल्याशिवाय मी सॅम्पल घेत नाही. जंतू काही बाजाराची वाट पाहत नाही. वाट पाहतो तो पेशंट, आणि तोही जीपची.